पैठण गेट हिवाळ्यात, दिल्ली गेट उन्हाळ्यात

कॅमेरा किंवा बऱ्यापैकी मोबाइल हातात आला की पहिला प्रश्न पडतो, फोटो काढायला जायचं कुठे? ताडोबा, भरतपूर, लडाख अशी नावं लगेच निघतात. मग रजा आणि पैसे यांचा हिशोब सुरू होतो आणि तो जमेपर्यंत कॅमेरा कपाटात पडून राहतो. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भागात राहणाऱ्यांना माझं सांगणं असं आहे की गुलमंडीवर उभं राहा आणि तिथून पायी, सायकलवर किंवा रिक्षाने अर्ध्या तासात जिथे पोचता येईल तेवढाच परिसर पहिलं वर्षभर धरून ठेवा. बाकी सगळं नंतर.

निसर्गाचं किंवा प्रवासाचं चांगलं छायाचित्र ओळखीतून निघतं. कुठल्या महिन्यात ऊन कुठल्या गल्लीत किती वाजता शिरतं, घार कुठल्या मनोऱ्यावर बसते, पहिल्या पावसानंतर कुठली टेकडी आधी हिरवी होते, हे ज्याला ठाऊक आहे तो साध्या मोबाइलवर जे काढेल ते दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला महागड्या लेन्सनेही जमायचं नाही. लडाखमध्ये आपण पाहुणे असतो. गुलमंडीवर आपण घरचे आहोत, आणि हा फायदा फुकट मिळालेला आहे.

आपल्या भागातलं सगळ्यात जुनं उदाहरण रॉबर्ट गिल यांचं. मद्रास सैन्यातले हे अधिकारी १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवण्यासाठी नेमले गेले आणि पुढची कित्येक वर्षं त्याच परिसरात राहिले. ब्रश घेऊन आलेला हा माणूस नंतर कॅमेऱ्याकडे वळला. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्यांच्या शंभर जोडचित्रांचं पुस्तक लंडनला प्रसिद्ध झालं. खास भिंगातून पाहिली की खोली जाणवणारी ही जोडचित्रं होती, आणि पुस्तकाच्या नावातच वास्तुशिल्पाच्या जोडीला निसर्गसृष्टी होती. गिल यांनी रंगवलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, छायाचित्रं मात्र टिकली. एका परिसरात वर्षानुवर्षं राहून तिथलं शिल्प आणि तिथली जनावरं एकाच नजरेने पाहणारा माणूस आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला, हे कॅमेरा गळ्यात अडकवताना आठवावं. पुढे निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी वेरूळ-दौलताबाद टिपलं, तेही याच परंपरेतलं.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. छायाचित्रणात शिकायची पहिली गोष्ट म्हणजे ऊन, आणि ते शिकवायला आपल्या शहराचे दरवाजे आहेत. बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात, त्यातले थोडेच आज उभे आहेत, पण शिकायला तीन पुरतात. गुलमंडीच्या दक्षिणेला पैठण गेट, उत्तरेला दिल्ली गेट, पश्चिमेला खाम नदीच्या पुलाला लागून मकई गेट. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पैठण गेटच्या दक्षिणेकडच्या तोंडावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन असतं, आणि तेही तिरपं, दगडाचा खडबडीतपणा उठून दाखवणारं. दिल्ली गेटची उत्तरेकडची बाजू त्याच दिवसांत दिवसभर सावलीत. तिथे हिवाळ्यात जाऊन 'फोटो सपाट आला' म्हणून कॅमेऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्या बाजूला ऊन बघायचं असेल तर मे-जूनमध्ये भल्या सकाळी किंवा उतरत्या दुपारनंतर जावं, तेव्हा सूर्य उत्तरेकडे सरकलेला असतो. मकई गेटची नदीकडची बाजू संध्याकाळची. एवढं तीन वेळा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत तर जगातल्या कुठल्याही इमारतीसमोर उभं राहून ती कधी टिपायची हे सांगता येईल.

घड्याळाचंही गणित थोडं लक्षात असू द्या. आपलं शहर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरंच पश्चिमेला आहे, म्हणून इथली खरी मध्यान्ह साडेबाराच्या आसपास होते. जूनमध्ये सूर्य सहाच्या आत उगवतो, जानेवारीत सात वाजून गेल्यावर. एकोणीस-वीस मेच्या सुमारास तर तो बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली काही क्षण नाहीशी होते. त्या दिवसांत नऊ ते साडेचार हा वेळ उघड्यावरच्या फोटोंसाठी जवळजवळ वाया गेलेला समजा आणि घरी बसून जुने फोटो लावा. हिवाळ्यात मात्र दहा वाजेपर्यंत ऊन कोवळं राहतं. नोकरी करणाऱ्यांनी नवशिकेपण हिवाळ्यात सुरू करावं, पहाटे उठण्याचा जाच तरी कमी होतो.

दुसरी गोष्ट प्रकाशाच्या मोजमापाची. कॅमेरा असो वा मोबाइल, समोर दिसेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं गृहीत धरून तो प्रकाश ठरवतो. पांढरं जास्त असलं की तो चित्र काळवंडवतो, काळं जास्त असलं की नको इतकं उजळ करतो. हे पक्कं करायला बीबी का मकबरा आणि आपला काळा पाषाण याहून चांगली जोडी मिळणार नाही. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्या या कबरीचा घुमट आणि तळाचा थोडा भाग संगमरवराचा, बाकी बहुतेक काम चुन्याच्या गिलाव्याचं आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात गिलावा आणि संगमरवर वेगवेगळे ओळखू येतात, आणि हाच फोटोचा विषय होऊ शकतो. चौकटभर पांढरा मकबरा घेतलात तर प्रकाश पाऊण ते एक घर (स्टॉप) वाढवा. मोबाइलवर घुमटावर बोट टेकवलं की बाजूला सूर्याचं चिन्ह येतं, ते किंचित वर सरकवायचं. मात्र पांढऱ्याचा तपशील उडालेला नाही ना, हे लगेच मोठं करून बघा. एकदा जळालेला पांढरा रंग नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. उलट मलिक अंबरने १६१२ मध्ये बांधलेल्या भडकल दरवाज्यासमोर किंवा लेण्यांच्या भिंतीपुढे तोच प्रकाश पाऊण घर कमी करा, म्हणजे दगड दगडासारखा काळा राहील. पांढऱ्याला वाढवायचं आणि काळ्याला घटवायचं, हे पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं. दोन सकाळी करून बघितलं की हातात बसतं.

आता खुद्द गुलमंडी. सुपारी हनुमानाच्या आसपासचा हा बाजार सकाळी दुकानं उघडण्याच्या आधी वेगळाच असतो. शटर बंद, रस्ते नुकते झाडलेले, जुन्या वाड्यांच्या उरलेल्या लाकडी कमानी आणि सज्जे मोकळे दिसतात. दुपारी पाट्यांच्या आणि लटकत्या कपड्यांच्या गर्दीत ते लपून जातात. म्हणून वास्तू टिपायची असेल तर सकाळी, माणसं टिपायची असतील तर अकरानंतर. मछली खडक, सिटी चौक, कुंभारवाडा, औरंगपुऱ्याची भाजी मंडई हा सगळा एका फेरीचा रस्ता आहे. गल्ल्या अरुंद असल्याने ऊन थेट आत कमी येतं. समोरच्या भिंतीवर पडून ते परतून येतं, आणि हा परतलेला मऊ उजेड चेहऱ्यांसाठी सगळ्यात चांगला. दुकानाच्या उंबऱ्याशी बसलेल्या माणसाचा फोटो भर उन्हातल्या माणसापेक्षा नेहमी बरा येतो तो यामुळेच.

बाजारात एक अडचण हमखास येते. निळ्या किंवा पिवळ्या ताडपत्रीखाली सगळ्यांचे चेहरे आजारी दिसतात. कॅमेऱ्याला रंगसंतुलन आपोआप जमत नाही, कारण तिथे पांढरा उजेडच नसतो. यावर दोन उपाय. शक्य असेल तर विक्रेत्याला न हलवता आपण बाजू बदला, म्हणजे रस्त्याकडचा उघडा उजेड त्याच्या चेहऱ्यावर येईल. ते जमत नसेल तर फाइल रॉ प्रकारात ठेवा आणि घरी रंग दुरुस्त करा. इमरतीच्या कढईची वाफ दाखवायची असेल तर उजेड कढईच्या मागून किंवा बाजूने येईल असं उभं राहा. समोरून उजेड असला की वाफ दिसतच नाही.

माणसांचे फोटो विचारून काढा. 'दादा, एक फोटो घेऊ का?' इतकं म्हटलं की बहुतेक जण हो म्हणतात. शहागंजच्या बाजूला गेलात की 'चाचा, एक तस्वीर लूं?' एवढी दखनी आपल्याला येतेच. विचारल्यावर माणूस ताठ होतो, कपडे नीट करतो, कॅमेऱ्याकडे बघतो. तो पहिला फोटो आनंदाने काढा, त्याला दाखवा, आणि मग पाच मिनिटं तिथेच थांबा. तो पुन्हा आपल्या कामाला लागतो, तुम्हाला विसरतो, आणि तुम्हाला हवा असलेला फोटो तेव्हा मिळतो. नाही म्हटलं तर हसून पुढे जायचं. बायका-मुलांचे फोटो दुरून चोरून काढणं मला अजिबात मान्य नाही, मग ते कितीही सुंदर येवोत. आणि ज्याचा फोटो चांगला आला त्याला छापील प्रत नेऊन द्या. चार-सहा इंची प्रतीला फार पैसे पडत नाहीत, आणि त्या गल्लीत तुमचा कॅमेरा परका राहत नाही.

जुन्या शहरात निसर्ग कुठे, असं विचारणाऱ्यांनी एकदा मान वर करावी. दरवाजांच्या कमानींखाली पाकोळ्यांची घरटी असतात, त्यांची ये-जा संध्याकाळी जोरात चालते. घारी गुलमंडीवर दिवसभर घिरट्या घालतात. पडक्या भिंतींच्या भोकांत पोपट आणि पिंगळे राहतात. तटबंदीच्या सांध्यांतून उगवलेला पिंपळ हाही निसर्गच आहे, आणि वास्तू व झाड एका चौकटीत घ्यायला तो आयता विषय. पाणचक्कीला तर डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नळांतून येऊन उंचावरून हौदात पडतं आणि शेजारी प्रचंड वड आहे. पडतं पाणी रेशमासारखं दाखवायचं असेल तर शटर सेकंदाच्या आठव्या भागाइतकं मंद करा, थेंब गोठवायचे असतील तर पाचशेव्या भागापर्यंत वेगवान. एकाच जागी दोन्ही काढा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. शटर म्हणजे काय, हे कुठल्याही वर्गापेक्षा तिथे लवकर कळेल.

मंद शटरला कॅमेरा स्थिर हवा, आणि संरक्षित स्मारकांत तिपाईला वेगळी परवानगी लागते. त्यावर स्वस्त तोड म्हणजे जाड कापडाची वीतभर पिशवी शिवून घ्या, तिच्यात किलोभर ज्वारी किंवा मोहरी भरा आणि तोंड शिवून टाका. कठड्यावर, गाडीच्या खिडकीत, जमिनीवर कुठेही ठेवून तिच्यात कॅमेरा दाबला की तो हलत नाही. कापड आणि ज्वारी दोन्ही आपल्या बाजारातच मिळतात. शटर बोटाने न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावा.

पक्ष्यांसाठी पहिला मुक्काम हिमायत बाग. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र असलेली ही मोगलकालीन बाग आणि तिच्या समोरचं सलीम अली सरोवर हा शहराच्या मध्यावरचा ठेवा आहे. बागेत तांबट, हळद्या, कोतवाल, राखी धनेश, हिवाळ्यात नशीब असेल तर स्वर्गीय नर्तक. तळ्यावर जांभळी पाणकोंबडी, वारकरी, टिबुकली, हळदी-कुंकू बदक, पाणकावळे, कडेच्या चिखलात शेकाट्या. तळ्याच्या आवारात जाण्याचे नियम बदलत असतात, पण भोवतालच्या रस्त्यांवरूनही बरंच दिसतं. विद्यापीठाचा परिसर, सोनेरी महालाचा पायथा आणि गोगाबाबा टेकडी ही सकाळी फिरायला जाणाऱ्यांची ठिकाणं. तिथे मोर आहेत, खाटीक आहे, वेडे राघू आहेत.

पक्ष्यांच्या फोटोत नवशिक्यांची सगळी चिंता लेन्सची असते. मी उलट सांगेन की पहिले सहा महिने दुर्बीण घ्या. पक्षी कुठल्या फांदीवर परत परत येतो, उडण्याआधी काय करतो, हे दुर्बिणीतून समजतं. वेडा राघू माशी पकडून त्याच काडीवर परततो, खंड्याची बसायची जागा ठरलेली असते. त्या फांदीवर आधीच नेम धरून थांबणाऱ्याला साधी ५५-२५० मिमीची लेन्सही पुरते. अशी लेन्स आणि जुना कॅमेरा दोन्ही वापरलेल्या स्थितीत निम्म्या किमतीत मिळतात. घेताना लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीचं जाळं नाही ना, एवढं बघा. बसलेल्या पक्ष्याला शटर पाचशेवा भाग, उडत्याला हजार ते दोन हजारावा. त्यासाठी आयएसओ ८०० किंवा १६०० करावा लागला तर बिनधास्त करा. थोडे दाणे दिसलेला स्पष्ट फोटो चालतो, हललेला चालत नाही. नेम नेहमी डोळ्यावर. आणि उंची पक्ष्याच्या पातळीवर आणा. तळ्याकाठी गुडघे टेकून किंवा पालथं पडून काढलेला शेकाट्या आणि उभ्याने काढलेला शेकाट्या यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

घरट्यांपासून लांब राहा. या मुद्द्यावर मला काही सवलत द्यायची नाही. फोटो नीट यावा म्हणून घरट्यासमोरची फांदी वाकवली किंवा तोडली की ऊन आणि कावळा दोघांनाही वाट मोकळी होते, आणि पिल्लं मरतात. आवाजाची ध्वनिफीत वाजवून पक्षी बोलावणं विणीच्या काळात तितकंच वाईट. रात्री पिंगळ्याच्या तोंडावर फ्लॅश मारू नका. घरट्याची जागा कुणाला सांगूही नका, फोटोसोबत तर नाहीच.

पावसाळा हा मराठवाड्यातल्या छायाचित्रकाराचा खरा सण. मृगाच्या पहिल्या सरींनंतर साताऱ्याच्या डोंगरावर आणि गोगाबाबाच्या उतारावर लाल मखमली मृगाचे किडे बाहेर पडतात आणि थोड्याच दिवसांत दिसेनासे होतात. मोबाइल जमिनीला टेकवून, किड्याच्या समोरून, ढगाळ उजेडात त्यांचे फोटो फार सुरेख येतात. थेट ऊन असेल तर आपलीच सावली किंवा छत्री त्यावर धरा. रुईच्या झुडपावर तांबूस फुलपाखराची अंडी, अळी आणि कोश अशा सगळ्या अवस्था सापडतात, आणि रुई प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर आहे. एकाच झुडपाला महिनाभर भेट दिलीत तर एक पूर्ण जीवनकथा जमते, आणि ती कुठल्याही अभयारण्यातल्या एका फोटोपेक्षा शाळेतल्या मुलांना जास्त शिकवते. किड्यांचे फोटो सकाळी लवकर काढा. थंडाव्यात ते सुस्त असतात, पंखांवर दव असतं आणि वारा पडलेला असतो.

याच दिवसांत उपकरणांची काळजी घ्यायची असते. दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते आणि ती काढायचा खर्च लेन्सच्या किमतीच्या जवळ जातो. चामड्याच्या पिशवीत कॅमेरा बंद करून ठेवणं सगळ्यात धोक्याचं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात निळ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रंग गुलाबी झाला की जेल मंद आचेवर तव्यावर कोरडं करून घ्या, पण तो तवा स्वयंपाकाला वापरू नका. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरला तर बुरशीची निम्मी भीती जाते. मोबाइलवाल्यांनी एवढंच करावं की फोटोआधी भिंग स्वच्छ सुती कापडाने पुसावं. धूसर फोटोंचं अर्धं कारण बोटाचं तेल असतं.

संक्रांतीला गुलमंडी-राजाबाजार भागात पतंगांचा बाजार भरतो, गच्च्या माणसांनी फुलतात आणि आकाश रंगतं. गच्चीवरून खालच्या गल्लीसकट पतंग टिपायला तो दिवस उत्तम. त्याच दिवशी आणि पुढचे कितीतरी दिवस घारी, बगळे, कबुतरं मांजात अडकतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तारांवर आणि झाडांवर तो लोंबताना दिसतो. अडकलेला पक्षी दिसला तर फोटोसाठी थांबू नका, आधी वनविभागाला किंवा अग्निशमन दलाला कळवा. झाडावरचा लोंबता मांजा मात्र जागेसह जरूर टिपा आणि महापालिकेकडे द्या. छायाचित्राचा इतका थेट उपयोग क्वचित होतो.

वर्ष असं गेलं की थोडं लांब जावं. औरंगाबाद लेणी तर शहराच्या उंबऱ्यावरच आहेत. ती डोंगराच्या दक्षिण अंगाला कोरलेली, म्हणून हिवाळ्यातलं खालचं ऊन आत पोचतं आणि अंगणातल्या दगडावरून उसळून मूर्तींना उजळतं. तिसऱ्या लेण्यात बुद्धापुढे गुडघे टेकून बसलेली माणसं आणि सातव्यातली नर्तकी पाहायला तोच काळ साधावा. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, तेव्हा सकाळी घाईने पोचण्यापेक्षा दुपारनंतर जा. दहाव्या, विश्वकर्मा लेण्यात मार्च महिन्यात काही दिवस मावळतीकडे झुकलेलं ऊन वरच्या गवाक्षातून थेट बुद्धमूर्तीवर येतं. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतं, हे निघण्याआधी आठवा. अजिंठ्यात चित्रांवर फ्लॅश बंद आहे आणि ते योग्यच आहे. बिनॉय बहल यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तीच चित्रं अगदी मंद उजेडात, दीर्घ काळ शटर उघडं ठेवून टिपली, आणि त्यांचे खरे रंग जगाला दिसले. ड्रोन यांपैकी कुठेही परवानगीशिवाय उडवायचा नाही.

म्हैसमाळ श्रावण-भाद्रपदात रानफुलांसाठी, दौलताबाद थंडीत धुक्यासाठी. पैठणजवळचा नाथसागर नोव्हेंबर ते मार्च. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या या जलाशयाचे काठ उथळ आहेत, त्यामुळे चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना ते मानवतात. रोहित, चक्रवाक, पट्टकादंब तिथे थंडीत येतात, आणि आपल्या शहरातले वन्यजीव छायाचित्रकार बैजू पाटील यांनी इथल्या रोहितांची छायाचित्रं काढून हा जलाशय दूरवर पोचवला. थव्याच्या मागे धावून त्याला उडवू नका. काठावर आधी जाऊन बसा, थवा चरत चरत जवळ येतो. कन्नडच्या गौताळ्याला वनविभागाचे नियम पाळून जा. तिथे बिबटे आहेत, आणि २०२१ मध्ये तर विदर्भातल्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ तिथे पोचला होता. पायी भटकायची ती जागा नव्हे.

शेवटी घरच्या कामाचं. ज्या दिवशी फोटो काढले त्याच रात्री निवड करा. शंभरातले पाच ठेवले तरी खूप. फाइलला तारीख आणि जागा असं नाव द्या, पक्ष्याचं किंवा झाडाचं मराठी नाव लिहा. नाव सापडत नसेल तर मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश जवळ असू द्या. एक प्रत संगणकावर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर. रंग वाढवायचा मोह आवरा. आपल्या मातीचा करडा, पिवळा, तांबडा रंग आहे तसाच देखणा आहे. वर्षाअखेरीस बारा फोटो छापून भिंतीवर लावा आणि त्यांतले कुठले घरच्यांना पुन्हा पुन्हा बघावेसे वाटतात ते विचारा.

गुलमंडीतले जुने वाडे पाडून तिथे व्यापारी संकुलं उभी राहत आहेत आणि दरवाजांपैकी बरेच आपण आधीच गमावलेले आहेत. तुमच्या गल्लीतला सज्जा, कमान, भिंतीतला पिंपळ, त्यावरचा पोपट यांचे आज काढलेले, तारीख-जागा लिहिलेले फोटो उद्या अभ्यासकांना पुरावा म्हणून लागतील. म्हणून येत्या रविवारी सकाळी सुपारी हनुमानापासून निघा, पैठण गेटपर्यंत चालत जा, आणि वाटेतल्या प्रत्येक जुन्या इमारतीचा एक सरळ, स्पष्ट फोटो काढून त्याच दिवशी नीट नोंदवून ठेवा.